२०२० ची बिग टेन फायनल पहिल्यांदा बघताय? मग अशी बघा

अमेरिकन कॉलेज फुटबॉल शिकायचंय, सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी एकच मॅच सांगते, १९ डिसेंबर २०२० ची बिग टेन फायनल, ओहायो स्टेट विरुद्ध नॉर्थवेस्टर्न, इंडियानापोलिसला झालेली. पूर्ण रेकॉर्डिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर मोठी हायलाइट्स बघा, दोन मिनिटांची क्लिप नको.

मॅच लावायच्या आधी त्या सीझनची गोष्ट माहीत करून घ्या, नाहीतर अर्धी मजा जाते. बिग टेन म्हणजे युनिव्हर्सिट्यांची एक लीग, तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. कोविडमुळे ११ ऑगस्टला त्यांनी सीझन पुढे ढकलला, मग १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या शेवटी मॅचेस सुरू केल्या, पण वेळापत्रक इतकं टाइट की एखादी मॅच रद्द झाली की ती कायमची गेलीच. ओहायो स्टेटच्या तीन मॅचेस अशाच गेल्या, खेळले पाचच, पाचही जिंकले, आणि नियम होता की फायनलला यायचं तर किमान सहा मॅचेस हव्यात! ९ डिसेंबरला कॉन्फरन्सने तो नियमच काढून टाकला. नाहीतर इंडियाना फायनलला गेली असती, जिला ओहायो स्टेटने आधीच ४२-३५ हरवलं होतं. मला निर्णय बरोबर वाटतो, पण ऐन शेवटी नियम बदलला म्हणून इंडियानाच्या पोरांसाठी आजही जीव तुटतो. आपल्याकडे त्या सीझनला रणजी झालीच नाही, लोकलही सगळ्यांसाठी सुरू नव्हत्या, त्यामुळे मॅच होणं ही किती मोठी गोष्ट होती हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता नियम. शिवाजी पार्कातलं पिच डोळ्यासमोर आणा, २२ यार्डांचं. त्याच्या अर्ध्याहून थोडं कमी म्हणजे १० यार्ड, बॉल हातात घेऊन पळत किंवा पास करत तेवढं पुढे सरकायला चार चान्स मिळतात, सरकलात की परत नवे चार. एवढं पुरे, बाकीचं बघता बघता कळतं.

आणि मेन गोष्ट, बॉलकडे बघू नका! माझे मामा परळला कबड्डी खेळलेले, त्यांच्यासोबत बघत होते तेव्हा बॉल कुठे गेला ते मला दिसतच नव्हतं, मामा टीव्हीला बोट टेकवून म्हणाले, "अगं बॉल सोड, हे समोरचे पाच धिप्पाड गडी बघ, ते कुठे रेटतायत तिकडे वाट फुटणार." तेव्हापासून मी तसंच बघते. प्रत्येक प्लेला, म्हणजे प्रत्येक चान्सला, आधी बॉल असलेल्या टीमचे ते पाच जण, मग त्यांच्या मागून पळणारा.

या मॅचमध्ये तो पळणारा म्हणजे ओहायो स्टेटचा ट्रे सर्मन. हाफटाइमला नॉर्थवेस्टर्न १०-६ पुढे होती, ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जस्टिन फील्ड्स, त्याचे पास लागत नव्हते, दोन तर समोरच्यांनी पकडले, आणि त्याचा भरवशाचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, क्रिस ओलावे खेळूच शकला नव्हता. इथे पॉज करा, चहा टाका, आणि सेकंड हाफ सलग बघा, कारण आता ओहायो स्टेट पास कमी करून बॉल सर्मनच्या हातात देत राहते. एकूण ३३१ यार्ड पळाला तो, म्हणजे पंधरा पिचं! एका मॅचमधला १९९५ चा एडी जॉर्जचा ३१४ चा ओहायो स्टेट रेकॉर्ड मोडला. त्याची एखादी लांब धाव रिवाइंड करून तीनदा बघा, पहिल्यांदा त्याला, मग दोनदा फक्त त्या पाच जणांना. शेवटी ओहायो स्टेट २२-१० जिंकली.

आवाज चालू ठेवा, कारण त्या सीझनला बिग टेनने सामान्य लोकांना तिकिटं विकली नव्हती, एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये गर्दीच नाही, त्यामुळे मैदानातलेच आवाज ऐकता येतात.

लाइव्ह बघायची सवय लावायची असेल तर हिवाळ्यात अमेरिकेच्या ईस्टर्न टाइममध्ये साडेदहा तास मिळवा. ही मॅच तिकडे दुपारी १२ ला होती म्हणजे आपल्याकडे रात्री १०.३०, आरामात जमणारी वेळ. त्याच दिवशीची अलाबामा-फ्लोरिडा, म्हणजे दुसऱ्या एका कॉन्फरन्सची फायनल, मात्र आपल्याकडे रविवारी सकाळी, ५२-४६ ची, नुसता पासांचा पाऊस. ती दुसऱ्या नंबरला बघा, आधी नको, कारण तिच्यात नजर बॉलवरून हटतच नाही.