कुरतडणारे प्राणी पाळाल का, हे कसे विचारावे

घाना आणि बेनिनमध्ये मांसासाठी पाळला जाणारा ग्रासकटर हा उंदरासारखा कुरतडणारा, पण बराच मोठा, मूळचा रानटी प्राणी आहे. असा प्राणी पाळण्याचा जोडधंदा शहरी माणूस स्वीकारेल का, हे इंदूरच्या रामबागेत किंवा राजेंद्रनगरात जाणून घ्यायचे असल्यास सुरुवातीलाच ‘उंदीर पाळाल का?’ असे विचारू नये, कारण तिथेच संभाषण संपते. आधी घरात मांसाहार चालतो का, गच्ची स्वतःची आहे का आणि रोजचे हिरवे गवत कोण आणणार, हे विचारावे. मग गर्भकाळ सुमारे ५ महिन्यांचा आणि एका वेळी पिल्ले साधारण ४, म्हणजे पैसा सावकाश सुटतो, हे स्पष्ट सांगावे. परदेशी प्राणी आणण्यास सरकारी परवानगी लागते, हेही लपवू नये. एवढे ऐकूनही जो पिंजऱ्याचे माप विचारतो, त्याचाच होकार नोंदवावा. ‘बघू हो, काका’ हा बहुधा सभ्य नकारच असतो.