भेटवस्तू वाटूनही गिऱ्हाईक टिकत नाही? या चुका टाळा

दिवाळीत ‘दोन हजारांच्या खरेदीवर स्टीलचा डबा मोफत’ असा फलक लावणाऱ्या किराणा दुकानदाराची डिसेंबरातली तक्रार ठरलेली असते: डबे संपले, गर्दीही झाली, पण त्यातले कोणी पुन्हा फिरकले नाही. दोष बहुधा डब्याचा नसतो, तो कोणाच्या हाती गेला यात असतो. वाटेवरचा माणूस एकदाच मोठी खरेदी करून डबा नेतो आणि वर्षानुवर्षे महिन्याची यादी पाठवणाऱ्या, उधारीच्या वहीत स्वतःचे पान असलेल्या घराला मात्र ‘ते काय, येतातच’ म्हणून काहीच मिळत नाही. ते घर तोंडावर काही बोलत नाही. पुढच्या महिन्यापासून यादीतून तेल आणि साखर तेवढी गळते. म्हणून भेटींची पहिली नावे वहीतून काढावीत, फलक नंतर रंगवावा.

हिशेबाची चूक याहून महाग पडते. समजा, नफा शेकडा दहा आहे आणि डबा 120 रुपयांना पडतो. एरवीही 2,100 रुपयांचा माल नेणाऱ्याच्या बिलातले 210 रुपयांचे 90 उरले आणि विक्री एका रुपयानेही वाढली नाही. 1,900 वाल्याने 100 रुपयांचा साबण वाढवून डबा नेला, तर वाढीव नफा अवघा दहा रुपये. आधी मागच्या तीन महिन्यांची बिले चाळून सरासरी काढावी, मर्यादा तिच्याहून थोडी वर ठेवावी आणि भेट एका दमात न देता सलग तीन महिन्यांच्या खरेदीनंतर, कार्डावर शिक्के मारून द्यावी.

ही तूट भाव चढवून भरून काढण्याचा मोह मात्र टाळावा. ज्याची किंमत बिलातच पूर्ण किंवा अंशतः वसूल केली आहे, ते ‘मोफत’ असल्याचा भास निर्माण करणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विक्री वाढवण्यासाठी काढलेली नशिबाची सोडतही त्याच व्याख्येत येते, हे ‘लकी ड्रॉ’ची कुपने छापायला टाकण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. जीएसटीचीही एक बाब आहे: निव्वळ भेट म्हणून दिलेल्या वस्तूच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, पण ‘एकावर एक मोफत’ ही दोन नगांची मिळून एका किमतीतली विक्री मानली जाते आणि तिथे वजावट शाबूत राहते, मार्च 2019 च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केले आहे.

दिनदर्शिका वाटणाऱ्यांची अडचण निराळी आहे. घरात खिळा एकच असतो आणि दिनदर्शिका चार दुकानांच्या येतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिलेली दिनदर्शिका कपाटावर जाते. डिसेंबराच्या मध्यापर्यंत ती हाती पडली पाहिजे, म्हणजे छपाईची ऑर्डर दिवाळीआधीच गेलेली बरी. (सुट्ट्या पैशांऐवजी वर्षभर गोळ्या हातावर ठेवणाऱ्याची दिनदर्शिका मात्र खिळ्यावर असूनही उपयोगाची नाही.)

कापडी पिशवी ही चांगली भेट आहे, बंद पक्के असतील तर. भर रस्त्यात तुटलेल्या पिशवीवर दुकानाचे नाव ठळक छापलेले असते. पाचशे पिशव्यांची ऑर्डर देण्यापूर्वी नमुन्याच्या एका पिशवीत पाच किलो तांदूळ भरून ती रात्रभर दुकानातल्या खुंटीला टांगून ठेवावी आणि सकाळी आधी तिची शिवण तपासावी.