ड्राइव्हवे आणि पायऱ्यांची आगोट

आमच्याकडे रत्नागिरीला मे महिन्यात आई कौलं शाकारून घ्यायची, जळण आत भरायची, आगोटीची कामं सगळी. न्यू जर्सीत घर घेतल्यावर कळलं की इथली आगोट ऑक्टोबरात असते आणि ती काँक्रीटची पण असते. पहिल्या वर्षी हे कोणी सांगितलं नाही. पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला नवीन ओतून घेतल्या, डिसेंबरात बर्फ पडला, मी उत्साहात मूठ मूठ मीठ फेकलं आणि मार्चमध्ये बघतो तर वरचा थर पापडासारखा सुटून हातात येतोय, खाली खडी दिसतेय. काँट्रॅक्टर म्हणाला, तुम्ही मीठ टाकलंत. अरे मग आधी सांगायचं ना बाबा!

तर होतं काय, काँक्रीट दिसतं दगडासारखं पण पाणी पितं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आतल्या बारीक छिद्रांत त्याला जागा मिळाली नाही की ते काँक्रीटलाच फोडतं. इथे न्यू जर्सीत तर दिवसा वितळतं, रात्री गोठतं, सलग गोठलेलं राहिलेलं परवडलं. त्यात मीठ टाकलं की बर्फाचं पाणी होऊन अजून आत मुरतं. म्हणून खालची सगळी कामं एकाच गोष्टीसाठी, थंडी पडायच्या आत काँक्रीट कोरडं करायचं आणि मग कोरडं ठेवायचं.

आधी पावसात छत्री घेऊन घराला एक चक्कर मारा. पाणी कुठे साचतंय बघा. छपराच्या गटरचा उभा पाइप ड्राइव्हवेवर (गाडी आत घ्यायच्या वाटेवर) किंवा पायऱ्यांपाशीच ओतत असेल तर त्याला पुढे एक्स्टेन्शन लावून पाणी लॉनवर सोडा, स्वस्तातलं काम आहे पण लोक हेच सोडतात आणि महागडा सीलर (पाणी आत मुरू नये म्हणून काँक्रीटवर मारतात तो) मारत बसतात. घरापासून बाहेर फुटाला पाव इंच तरी उतार हवा.

मग सफाई. ओली पानं उचला, डाग पडतात. तेलाच्या डागावर मांजराची लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये टाकतात ती माती) टाकून रात्रभर ठेवा, मग डीग्रीजर (तेलकटपणा काढायचं द्रावण) आणि ब्रश. प्रेशर वॉशर भाड्याने आणलात तर हिरवा नोझल लावा, २५ डिग्रीचा, लाल अजिबात नको, तो शून्य डिग्रीचा असतो आणि काँक्रीटवर चक्क रेघोट्या ओढतो.

भेगांचं सांगतो, कारण इथे आपली सवय आड येते. आपण लगेच सिमेंट कालवून थापायला जातो. काँक्रीटचा स्लॅब थंडीत आकसतो, उन्हाळ्यात फुगतो, सिमेंट काही ताणलं जात नाही, पुढच्या हिवाळ्यात तिथेच परत भेग. त्याऐवजी पॉलियुरेथेन सीलंट घ्या, भेगेत भरायचं, रबरासारखं ताणलं जाणारं. भेग तारेच्या ब्रशने साफ करून धूळ उडवायची, खोल असेल तर आधी फोमची दोरी दाबायची, बॅकर रॉड म्हणून मिळते, आणि वरून सीलंट. सपाट जागी सेल्फ-लेव्हलिंगवालं छान बसतं, पण ते उतारावर लावलं की सगळं खाली वाहत येतं (विचारू नका मला कसं माहीत), तिथे घट्टवालं घ्या. घराची भिंत आणि स्लॅब यांच्यामधली फट तर सगळ्यात आधी बुजवा, तिथून पाणी थेट पायाशी जातं.

आता सीलर मारायचा की नाही? वाटीभर पाणी ओता आणि चहा पिऊन या. अळवाच्या पानावर राहतं तसं थेंब थेंब उभं असेल तर जुना सीलर अजून जिवंत आहे, जागा काळपट झाली असेल तर काँक्रीटने पाणी प्यायलं, सीलर हवाच. डब्यावर सिलेन किंवा सिलॉक्सेन लिहिलेलं बघा, ते आत मुरतं. चकचकीत अॅक्रिलिकवाला मला आवडत नाही, ओला झाला की पायऱ्यांवर सासूबाईंचा पाय घसरायची भीती. आणि काळा ड्राइव्हवे असेल तर तो डांबराचा, त्याचं सीलकोट वेगळं, काँक्रीटवर मारू नका. धुतल्यावर एक-दोन दिवस नीट वाळू द्या, तापमान ५० फॅरेनहाइटच्या वर हवं आणि पुढचे २४ तास पाऊस नको, म्हणजे हातात ऑक्टोबरचे मोजके वीकेंड, दिवाळीच्या फराळात अडकलात की गेलं वर्ष. बागेचा साधा पंप चालतो, काचा आणि झाडं झाका, मास्क लावा. नवीन काँक्रीट निदान २८ दिवसांचं झाल्याशिवाय सीलर नाही, म्हणून ओतायचंच असेल तर सप्टेंबरच्या आत ओतून घ्या.

बर्फ पडल्यावर लवकर आणि प्लास्टिकच्या फावड्याने काढा, लोखंडी फावड्याने खपल्या उडतात. काँक्रीटचा पहिला हिवाळा असेल तर मीठ बंद, फक्त वाळू टाका, वितळत नाही पण पाय घसरत नाही. जुन्यावर मीठ थोडंच, आणि साधं मीठ १५ फॅरेनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, उगाच पोतं रिकामं करू नका, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. पिशवीवर अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट वाचलंत तर तिथेच ठेवा, ते काँक्रीटच खातं, त्यामुळे गॅरेजमधलं उरलेलं लॉनचं खत टाकायची आयडियापण नको. गाडीखालून रस्त्याचं मिठाचं पाणी ठिबकतं ते मध्येमध्ये बाहेर लोटा, टायरच्या जागी पोपडे येतात ते त्यानेच.

आणि बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करून होज काढून ठेवा. आमचा एका वर्षी राहिला, रात्रभर ठिबकून पॅटिओवर परातीएवढा बर्फाचा गोळा झाला होता, त्याच्या खालची जागा अजून खडबडीत आहे.