घर सुटलेल्या लहानग्यांचे दात किडण्यापासून कसे वाचवावेत

निवाऱ्यात रात्री मूल रडत उठलं की सगळे म्हणतात, 'घाबरलंय'. अनेकदा ते खरंही असतं. पण सकाळी उजेडात त्याच्या तोंडात एकदा नीट बघा. एकाच बाजूने चावणं, घट्ट अन्न नको म्हणणं, थंड पाण्याने दचकणं, झोपमोड, चिडचिड ही किडलेल्या दाताचीही लक्षणं असतात. सगळं मनाच्या धक्क्यावर ढकललं गेलं, की दाताकडे कुणाचं लक्षच जात नाही. आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला 'दाढ ठणकतेय' असं सांगता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या आकड्यांनुसार 2024 अखेर जगात 12 कोटी 32 लाख माणसं जबरदस्तीने विस्थापित झालेली होती. त्यांत साधारण 40 टक्के मुलं. हा लेख अशा मुलांच्या आईवडिलांसाठी आहे, तसाच त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांसाठीही. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: मुलाचे दात किडले म्हणून आईला बोल लावू नका. झोपायला धड जागा नाही, शेजारी माणसं दाटीवाटीने झोपलेली, अशा वेळी रडणारं मूल गप्प करायला गोड बाटलीच हाताशी असते. ती का दिली हे समजून घेतलं, तरच ती सुटते.

आधी ओठ वर करून बघा

मोठ्या दोन माणसांनी समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसावं. मुलाचं डोकं एकाच्या मांडीवर, पाय दुसऱ्याच्या बाजूला. ते रडलं तर तोंड उघडंच राहतं, काम सोपं होतं. बोटाने वरचा ओठ उचला आणि दात कोरड्या फडक्याने पुसून घ्या, कारण ओल्या दातावर कीड सुरुवातीला दिसत नाही.

बघायचं आहे हिरडीलगत. तिथे खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर दाताला अजून खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइडने (दात बळकट करणारं पेस्टमधलं द्रव्य) आणि गोड कमी केल्याने तो सावरू शकतो. पिवळट-तपकिरी खड्डा म्हणजे पुढची पायरी. हिरडीवर पुळी किंवा पू दिसला, तर मुळापर्यंत संसर्ग गेला आहे.

बहुतेक मुलांत वरचे पुढचे दात आधी जातात. खालच्या दातांवर जीभ असते, लाळही तिथे साचते, म्हणून ते पुष्कळदा चांगले राहतात. 'खालचे दात स्वच्छ आहेत' यावर विसंबू नका. मागच्या दाढाही बघा. महिन्यातून एकदा हे केलं तरी पुरे.

'दुधाचे दात, पडणारच आहेत' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या अकाली गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दातांची जागा अडते. शिवाय दुखऱ्या तोंडाचं मूल कमी खातं, आणि हालअपेष्टांत आधीच अशक्त झालेल्या मुलाला ते परवडत नाही.

रात्र सांभाळा

एकच बदल जमणार असेल, तर हा करा. झोपेत लाळ फार कमी होते. लाळच तोंडातली आम्लं धुऊन नेते. त्यामुळे तोंडात गोड दूध, रस किंवा साखरेचं पाणी घेऊन झोपलेल्या मुलाचे दात रात्रभर आम्लात राहतात.

वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना बाटली हवीच असेल, तर त्यात फक्त पिण्याचं स्वच्छ पाणी. एकदम बंद केलं तर रडारड होईल आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी हार मानाल. त्यापेक्षा गोड पेयात रोज थोडं जास्त पाणी घाला. आठवडा-दीड आठवड्यात नुसतं पाणी उरेल. तान्ह्या बाळाच्या पावडरीच्या दुधात मात्र जादा पाणी कधीही घालू नका, त्याने पोषणच कमी पडतं.

अंगावरचं दूध दातांच्या भीतीने बंद करू नका. अस्थिर परिस्थितीत ते बाळाचं सर्वांत सुरक्षित अन्न आहे. वर्षानंतर रात्री वरचेवर पाजावं लागत असेल, तर झोपण्याआधी दात घासलेले असावेत, एवढं पाहा.

गोड किती, यापेक्षा कितीदा

तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दर वेळी गोड खाल्लं की साधारण अर्धा तास दातावर त्या आम्लाचा मारा होतो. मग लाळ दात पुन्हा सावरते. दिवसातून दहा वेळा बिस्किटाचा तुकडा किंवा गोड घोट मिळाला, तर सावरायला वेळच उरत नाही. तेवढंच गोड जेवणाबरोबर एकदाच दिलं, तर नुकसान बरंच कमी.

वाटपात काय मिळेल हे आपल्या हातात नसतं, केव्हा द्यायचं हे बरंचसं असतं. गोड आलं की ते जेवणाला जोडा. मधल्या वेळी पाणी. आणि मुलांसाठी खाऊ घेऊन येणाऱ्या चांगल्या माणसांना न संकोचता सांगा, की पुढच्या वेळी ब्रश आणि पेस्ट आणा.

दात घासा. पाणी नसलं तरी

पाण्याची टंचाई असली की दात घासणं आधी सुटतं. खरं तर घासायला पाणी लागतच नाही. कोरड्या ब्रशवर पेस्ट घ्या, घासा, फेस थुंकायला लावा. चूळ भरू नका. चूळ भरली की फ्लोराइडही वाहून जातं. म्हणजे इथे पाणी वाचवणं दातांच्याच फायद्याचं!

पेस्ट फ्लोराइडची हवी. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असं लिहिलेलं असतं. लहान मुलांची खास रंगीत पेस्ट शोधत बसू नका, मोठ्यांचीच चालते. फक्त प्रमाण सांभाळा: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. एवढी थोडी पेस्ट गिळली गेली तरी चिंता नको. ट्यूब मुलाच्या हाती मात्र देऊ नका.

पहिला दात दिसला की सुरुवात, साधारण सहाव्या महिन्यात. दिवसातून दोनदा, त्यातली एक वेळ झोपण्याआधीची, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सात-आठ वर्षांपर्यंत घासायचं काम मोठ्याचं. त्याला हौस म्हणून ब्रश फिरवू द्या, मग तुम्ही घासा.

ब्रश नसेल तर स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून त्यावर पेस्ट घ्या. दोन भावंडांत एक ब्रश नको. राख, कोळसा, वाळू तर नकोच, त्याने दाताचं वरचं कवच झिजतं.

औषधाचं गोड सिरप चालू असेल, तर ते घासण्याआधी द्या, नंतर नाही.

आरोग्य पथक आलं तर काय विचारायचं

दंतवैद्य म्हणजे खुर्ची, वीज आणि ड्रिल, असं वाटून लोक विचारतच नाहीत. पण तीन उपाय साध्या चटईवरही होतात.

पहिला, फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे फ्लोराइडचा चिकट लेप. मिनिटभरात दातांवर लावतात, दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. दुसरा, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हे थेंब किडीवर लावले की कीड बहुधा थांबते, कोरावं लागत नाही. किडलेला भाग कायमचा काळा होतो; हे आईवडिलांना आधी सांगायलाच हवं, नाहीतर दात बिघडवला असं वाटतं. दाताला पू झाला असेल तर हा उपाय नाही. तिसरा, हाताच्या अवजाराने मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड पेस्ट, सिल्व्हर डायअमाइन आणि हे सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. तेव्हा 'हे उपलब्ध आहे का' असं विचारण्यात काही वावगं नाही.

दुखत असेल तर

पॅरासिटामॉल द्या: दर किलो वजनाला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मूल तान्हं किंवा फार कुपोषित असेल, तर आधी आरोग्य सेवकाला विचारा. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायची नाही, गोळी हिरडीवर ठेवायचीही नाही, तिथे भाजतं.

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, डोळा मिटत चाललेला, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, श्वासाला त्रास: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. पहाटेची वाट बघू नका. दात दुखणं थांबलं आणि सूज आली, तर ते बरं होणं नव्हे.

नोंद ठेवा

उद्या कुठे असाल हे ठाऊक नसतं, आणि पुढच्या ठिकाणी आधीचे कागद कुणाकडे नसतात. म्हणून कोणत्या दाताला काय लावलं, कोणत्या तारखेला, हे लसीकरणाच्या कार्डामागे लिहून घ्या. कार्ड नसेल तर पथकाकडून चिठ्ठी घेऊन तिचा मोबाइलमध्ये फोटो काढा. जमलं तर दातांचाही एक काढा. पुढचा डॉक्टर तोच आधी बघेल.