पांढऱ्या सशाआड दडलेला रंग

न्यूझीलंड व्हाईट जातीच्या सशाची पांढरीशुभ्र मादी आणि काळाकुळकुळीत नर अशी जोडी लावली. एकतिसाव्या दिवशी मादी व्यायली. आठवड्याभरात पिल्लांच्या अंगावर लव आली, तर सगळीच रानसशासारखी करडी! ससेपालनात नवीन असलेल्याला वाटतं, मादी फसवून विकली किंवा दुसराच नर पिंजऱ्यात शिरला. बहुतेक वेळा यातलं काहीच घडलेलं नसतं. करडा रंग मादीकडेच होता, फक्त दिसत नव्हता.

पांढरा हा या जातीत रंगच नाही, रंग तयार न होणं आहे. सोलापूरकराला हे यंत्रमागावरून चटकन कळेल. मागाचा खटकाच बंद असेल, तर कांडीवर कुठला धागा गुंडाळलाय याने काय फरक पडणार? सी नावाचं जनुक म्हणजे तो खटका. खटका बंद ठेवणारं त्याचं रूप म्हणजे लहान सी. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही लहान सी आल्या, की ससा पांढरा आणि डोळे लाल. काळा, करडा, चॉकलेटी जे काही इतर जनुकांत लिहिलंय ते तसंच झाकून राहतं. म्हणून लाल डोळ्याचे दोन पांढरे एकत्र आले तर पिल्लं पांढरीच. पांढऱ्याला रंगीत जोडीदार मिळाला, की झाकलेलं उघडं पडतं.

या खटक्याच्या पायऱ्याही आहेत, म्हणजे सी जनुकाची आणखीही रूपं आहेत आणि त्यांना रंगांवरून नावं आहेत. सर्वांत वर पूर्ण रंग, खाली चिंचिला, मग सेबल, त्याखाली हिमालयन आणि तळाला पांढरा. वरची पायरी खालचीला बऱ्याच अंशी झाकते. सोव्हिएत चिंचिला जातीचा नर लपलेली लहान सी वाहतोय का हे पाहायचं असेल, तर त्याला न्यूझीलंड व्हाईट मादी द्या. एक जरी पांढरं पिल्लू निघालं तरी निकाल लागला. एकही नाही निघालं तर पिल्लं मोजा. वाहक असूनही पाच पिल्लांत एकही पांढरं न येण्याची शक्यता ३२ मध्ये १, सात पिल्लांत १२८ मध्ये १. म्हणजे तीन-चार पिल्लांच्या वेतावरून नराला ‘अस्सल’ म्हणणं घाईचं.

हिमालयन पायरीवर सोलापूरचा उन्हाळा खूप गोंधळ घालतो. याच पायरीवरच्या कॅलिफोर्नियन जातीचं नाक, कान, पाय, शेपूट काळं असतं, कारण त्याच्या अंगातलं रंग बनवणारं विकर (एन्झाइम) फक्त थंड कातडीवर नीट काम करतं. हिमालयन सशाच्या पाठीवरचे केस काढून तिथे बर्फ बांधला, तर नवे केस काळे उगवतात, इतकं हे सरळ आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर उगवणारे केस साहजिकच फिके येतात, नाकावरचा काळा डाग तपकिरी, धुरकट दिसतो. अशा जनावराला ‘भेसळ’ समजून काढून टाकू नका. केस झडून थंडीतले नवे येऊ द्या, मग ठरवा. उलटंही होतं. पिल्लांची पेटी थंड पडली तर हिमालयन पिल्लांच्या पाठीवर राखाडी छटा येते आणि पुढच्या केसझडीत जाते. मात्र कॅलिफोर्नियन आणि न्यूझीलंड व्हाईटच्या संकरातल्या पिल्लांचे ठिपके मुळातच फिके असतात, ते थंडीतही पुरते गडद होत नाहीत.

करडा म्हणजे आगुटी ओळखायला पाठीवर फुंकर मारा. केस गोल उघडतात आणि वर्तुळं दिसतात: कातडीजवळ पाटीसारखा निळसर पट्टा, मध्ये तांबूस, टोकाला काळा. पोट आणि डोळ्यांभोवतीची कड फिकी. एकरंगी काळ्याला ही वर्तुळं नसतात, पोटही काळंच. आगुटी प्रभावी आहे, म्हणून सुरुवातीच्या जोडीत एकरंगी काळा रंग मागे पडला.

बी आणि डी ही आणखी दोन जनुकं सोपी. दोन लहान बी काळ्याचा चॉकलेटी करतात, दोन लहान डी काळ्याचा निळसर राखाडी, दोन्ही जोड्या एकत्र आल्या तर लायलॅक, म्हणजे फिका जांभळट राखाडी.

ठिपकेदार सशांबाबत मात्र जपून. दोन ठिपकेदार एकत्र लावले, तर सरासरी चारातलं एक पिल्लू ठिपक्यांचं जनुक दोन्हीकडून घेतं. ते जवळजवळ पांढरं दिसतं, डोळ्याभोवती आणि कानावर थोडाच रंग. अशांचं मोठं आतडं बऱ्याचदा फुगतं, लेंड्या मोठ्या आणि वेड्यावाकड्या पडतात, जनावर खंगतं. ठिपकेदाराला एकरंगीच जोडीदार द्या, सरासरी निम्मी पिल्लं ठिपकेदार मिळतात. डच जातीच्या सशाचा पांढरा पट्टा वेगळ्या जनुकाचा, त्याला हा नियम लावू नका.

चाचणीची वेतं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, सोलापूरची गड्ड्याची यात्रा येते त्या थंडीत. तिशीच्या वरची उष्णता टिकली की नराचे शुक्राणू घटतात आणि सावरायला दीड-दोन महिने जातात. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, आणि चाचणीच्या मादीला दुसरा नर अजिबात नाही, कारण एकाच वेतात दोन बापांची पिल्लं येऊ शकतात. दूध कमी म्हणून पिल्लं दुसऱ्या मादीखाली हलवलीत, तर हलवण्याआधी कानात मार्करने खूण करा. खूण दोन-तीन दिवसांत पुसट होते, तेव्हा पुन्हा काढा. वहीत नर-मादीचे क्रमांक, तारीख, एकूण पिल्लं आणि मेलेल्यांचासुद्धा रंग लिहा. रंगाची नोंद दहाव्या दिवशी एकदा आणि आठव्या आठवड्यात पुन्हा.