गड्ड्याच्या दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांचं खाणं: या चुका टाळा

गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वर यात्रा आणि तिची जत्रा. ते दिवस आले की इथल्या घरांत माणसं वाढतात. पुण्याहून नणंद, तिची पोरं, कुणाचे तरी पाहुणे. दिवसभर गॅस बंद होत नाही, आणि त्या धांदलीत घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांचं खाणं बाजूला पडतं. सगळ्यांना धास्ती शेंगदाणा-गुळाच्या शेंगापोळीची. मला विचाराल तर पोळीपेक्षा चुकलेली वेळ जास्त बाधते.

गोळी आठला, जेवण मंडळी आल्यावर

ही चूक आमच्याच घरात झाली. भोगीचा दिवस. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सकाळी आठला मधुमेहाची गोळी घेतली, वर चहा आणि एक खारी. बाकीचे यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेले होते. "सगळे आले की एकदमच बसू," असं ठरलं. दोन वाजून गेले. मी बाहेरच्या खोलीत डोकावले तर मामा बाराबंदीचा बंद बांधत होते आणि तो त्यांना बांधता येत नव्हता. बोटं थरथरत होती. जानेवारीत, पंखा बंद असताना कपाळ घामानं डबडबलेलं. हाक मारली तर उत्तर भलतंच.

मी साखरेचा डबा काढला. सासूबाईंनी हात धरला, "अगं, शुगर आहे त्यांना, साखर कसली देतेस?" हीच दुसरी चूक. साखर उतरलेली असताना साखरच द्यायची असते. तीन चहाचे चमचे (साधारण 15 ग्रॅम) पाण्यात ढवळून दिली, 15 मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासलं. आकडा अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. बरं वाटल्यावर भाकरी-भाजी वाढली. अशा वेळी पेढा किंवा पोळी पुढे करू नका, तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा जाते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, 108 ला फोन करायचा.

आता आम्ही नैवेद्याचं ताट अकराच्या आत वेगळं काढतो आणि मामांना त्यांच्या वेळेला वाढतो. सण असो वा उपास, गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारून ठेवा.

गुळाबद्दल एवढंच: गुळानंही साखर वाढते. तिळगूळ एखादा खावा, "गूळच आहे की" म्हणून चार नव्हे.

दात नाहीत म्हणून नुसता भात

कवळी बसत नाही, मग मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी, झालं जेवण! अशानं पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत. या वयात स्नायू आधीच झिजत असतात. आपल्याकडची कडक भाकरी गरम आमटीत कुस्करून दहा मिनिटं ठेवली की चमच्यानं खाता येते. भोगीच्या भाजीतला घेवडा, सोलाणे, गाजर कुकरला दोन शिट्ट्या जास्त देऊन घोटा. बोरांच्या बिया मात्र आधी काढा. शेंगाचटणी कोरडी दिली तर ठसका लागतो, दह्यात कालवा. मुगाचं धिरडं, खात असतील तर उकडलेलं अंडं, यातलं काहीतरी रोज ताटात हवं.

चटणी, पापड, लोणचं एकाच ताटात आलं की मिठाचा हिशोब सुटतो. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. कमी सोडियमचं मीठ स्वतःच्या मनानं आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर ते घातक ठरतं.

पाण्याचंही तसंच. म्हातारपणी तहान कमी लागते, शिवाय रात्री उठावं लागेल म्हणून मुद्दाम पीत नाहीत. सकाळीच तांब्या भरून जवळ ठेवा, संध्याकाळपर्यंत संपवायचा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

"तुम्ही नुसतं बसा हो"

प्रेमानं म्हणतो आपण, पण चार दिवस नुसतं बसून गुडघे आखडतात आणि माणूस टीव्हीपुढे पेंगत राहतो. दुसरं टोक म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत हाताला धरून गड्ड्यावर नेणं. संक्रांत झाल्यावरही गड्डा बरेच दिवस असतो. गर्दी ओसरल्यावर, उन्हं खाली आली की न्या.

घरात मात्र काम द्या. मामा दर तासाला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून पाच वेळा उठतात-बसतात, नातू मोजतो आणि लबाडी पकडतो. सासूबाईंपुढे परातीत हरभऱ्याचे घाटे ओतले की त्या तासभर सोलत बसतात. नात शेजारी. ओंदु, एरडु, मूरु, असं कानडीत मोजायला शिकवणं चालतं. निम्मे सोलाणे नातीच्या पोटात जातात, आणि नाल्कूच्या पुढे अजून गाडी गेलेली नाही.