इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी नमुना पाठवताना: नाशिकच्या संशोधकांसाठी

नाशिकच्या महाविद्यालयांत पीएच.डी.चे काम करणाऱ्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी बहुधा पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ किंवा आयआयटी मुंबई येथील मध्यवर्ती उपकरण सुविधा गाठावी लागते. देशभरातील अशी उपकरणे ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय पोर्टलवरही शोधता येतात. चित्र तेथे निघते, परंतु त्याची प्रत बऱ्याच अंशी नमुना नाशिकमधून निघण्यापूर्वीच ठरलेली असते. म्हणून नोंदणीचा अर्ज भरण्याआधी नमुन्याचा विचार करावा.

सर्वप्रथम प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. द्राक्षाच्या पानावर केवडा (डाउनी मिल्ड्यू) या रोगाची बुरशी कोठून शिरते हे पाहायचे असेल, तर पृष्ठभाग दाखवणारा सेम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) पुरेसा आहे. पेशीच्या आत काय बदलले हे हवे असेल, तर टेम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागतो आणि त्यासाठी नमुन्याचे 100 नॅनोमीटरहून पातळ काप करून ते 3 मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर घ्यावे लागतात. ‘आधी टेम करून पाहू’ या विचाराने अर्ज करणे मला अयोग्य वाटते, कारण त्यात शुल्क आणि इतरांची पाळी दोन्ही वाया जातात.

पानाचा नमुना बागेतच स्थिर करावा, म्हणजे रसायनात बुडवून पेशी आहेत तशा टिकवाव्यात. निफाड किंवा दिंडोरीहून पान प्रयोगशाळेत आणेपर्यंत पेशी सुकू लागतात, त्यामुळे फॉस्फेट बफरमधील 2.5 टक्के ग्लुटारल्डिहाइडच्या कुप्या, हातमोजे घालून, बागेतच सोबत न्याव्यात. सेमसाठी सुमारे 5 मिलिमीटरचे आणि टेमसाठी 1 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे कापावेत. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रे खालच्या बाजूस असतात आणि केवडा तेथूनच आत शिरतो, म्हणून कोणती बाजू वर ठेवायची याची खूण प्रत्येक तुकड्यावर हवी. कुप्या 4 अंश सेल्सिअसला ठेवाव्यात, मात्र गोठू देऊ नयेत, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. पुढे सेमसाठी अल्कोहोलच्या चढत्या प्रमाणांतून पाणी काढून, क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये द्रव कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने नमुना वाळवला जातो. हे काम सुविधेत होते की आपणच करून न्यायचे, हे आधी विचारून घ्यावे. फळाच्या सालीवरील मेणाचा थर हाच अभ्यासाचा विषय असेल, तर अल्कोहोलने तो विरघळून हानी होऊ शकते. तेथे क्रायो-सेमची, म्हणजे अतिजलद गोठवलेला नमुना सेममध्ये पाहण्याची, सोय आहे का, याची चौकशी करावी.

नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे विश्लेषण, म्हणजे ईडीएस, हवे असेल तर विशेष काळजी घ्यावी लागते, कारण नाशिकच्या बागांत भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक आणि केवड्यासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) व चुना, फवारतात. सेमच्या नमुन्यावर सहसा सोन्याचा पातळ लेप देतात, परंतु सोन्याची एक क्ष-किरण रेषा फॉस्फरस आणि गंधक यांच्या रेषांच्या अगदी जवळ येते. त्यामुळे गंधक शोधायचे असल्यास कार्बनचा लेप मागावा. टेमची नेहमीची जाळी तांब्याची असते, म्हणून तांबे शोधताना निकेल किंवा सोन्याची जाळी लागते. फवारणीच्या तारखा नमुन्यासोबत लिहून ठेवल्या नाहीत, तर आलेखातील तांबे कोठून आले हे नंतर सांगता येत नाही.

पावडरीच्या नमुन्याबाबत थोडक्यात एवढेच, की ती पूर्ण कोरडी असावी आणि चुंबकीय असल्यास अर्जात तसे स्पष्ट लिहावे. सुटे चुंबकीय कण भिंगापर्यंत ओढले जाऊन उपकरण खराब करू शकतात.

शक्य असल्यास स्वतः उपस्थित राहावे. प्रथम कमी वर्धनाचे चित्र घ्यावे, म्हणजे जागा कोठली हे कळते, आणि निरोगी पानाचा तुलनात्मक नमुना त्याच व्होल्टेजवर पाहावा. चित्रे मोजपट्टीसह टिफ स्वरूपात घ्यावीत आणि उरलेले स्थिर केलेले तुकडे शोधनिबंधाचे परीक्षण पूर्ण होईपर्यंत टाकू नयेत, कारण परीक्षक अनेकदा आणखी एखादे चित्र मागतात.